गिरणीच्या माडीवरचा गवई

आमच्या गिरणीच्या माडीवर राहणाऱ्या माणसाला सकाळी काही विचारलं, तर उत्तर संध्याकाळी यायचं. 'चहा घेणार काय रे?' असं हिनं सकाळी जिन्याखालून ओरडावं, तर वरनं हूं की चूं नाही. मग दुपार टळल्यावर, मी मोटरीचा पट्टा ओढून बसवत असताना, हा जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "हो."

"काय हो?" मी.

"चहा."

ही म्हणजे माझी बायको. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिला त्याचा कधी राग आला नाही, मला मात्र रोज यायचा. तिनं उपाय काढला होता. संध्याकाळच्या चहाचं सकाळी विचारायचं आणि उद्याच्या जेवणाचं आज. "त्याचं टपाल उशिरा पोचतंय हो," म्हणायची. "पोचतंय तर खरं."

पिठाची गिरणी आमची धारवाडात, सुभाष रोडच्या मागच्या बोळात. खाली गिरणी, मागं आम्ही, वर एक माडी. ती माडी बघायला तो आला तेव्हा भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर होता. "काय करतोस?" विचारलं तर सगळी माडी बघून झाल्यावर म्हणाला, "बँड आहे आमचा." मला वाटलं लग्नातला. म्हटलं चांगलं आहे, पोटापाण्याचा धंदा आहे. "वरातीचा घोडा तुमचाच, की वेगळा सांगावा लागतो?" त्यानं माझ्याकडं बघितलं, माडीकडं बघितलं आणि निघून गेला. मला वाटलं गेला. दुसऱ्या दिवशी गादी घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "घोडा नाही."

हिला तो अक्का म्हणायचा आणि मला अज्जा. म्हणजे ही त्याची थोरली बहीण आणि मी आजोबा. म्हटलं, अरे लेका, तुझ्या हिशेबानं माझी बायको माझी नात लागते. काहीतरी एक ठरव. त्यानं ठरवलं नाही. हिला मात्र तो हिशेब फार पसंत पडला.

बँडमध्ये आणखी दोघं. एक मोठी गिटार वाजवणारा, तो कधी बोलायचाच नाही, आणि एक हुबळीचा ढोलवाला, तो सगळ्यांच्या वाटणीचं बोलायचा. ढोलवाल्याचं मला वाईट वाटायचं. दंड असे, की पोतं एका हातानं उचलेल, आणि ह्यानं त्याच्या हातात काठ्या द्यायच्या सोडून तारांच्या झाडण्या दिलेल्या. झाडणीनं तो ढोल झाडत बसायचा. "अप्पा, मी वाजवत न्हाई, मी सारवतो," मला म्हणायचा.

आणि आमचा वरचा गायचा भिंतीकडं तोंड करून. खाली मांडी घालून बसायचा, एका पायात मोजा, एक पाय उघडा. उघड्या पायाच्या बोटांनी पुढ्यातल्या लोखंडी डब्यांची बटणं दाबायचा. एका डबीचं काम असं, की वाजवलेलं थोड्या वेळानं परत ऐकू येतं, मग आणखी उशिरा आणखी बारीक ऐकू येतं. मी म्हटलं, ह्याच्यासाठी डबी कशाला विकत घेतलीस, ही तुझ्या तोंडात देवानंच बसवून दिलीय. गाणं कन्नड आहे, मराठी आहे की इंग्रजी, ते शेवटपर्यंत कळायचं नाही. शेवटही कळायचा नाही. आवाज बारीक होत होत कधीतरी दिसेनासा व्हायचा आणि आपण आपलं खाजवत बसलेलो. "गाणं संपत नाही अज्जा," तो म्हणायचा, "ते निघून जातं." बँडचं नाव इंग्रजीत होतं. अर्थ विचारला तर 'अर्धी झोप' असा निघाला. ही म्हणाली, "मग पुरती होऊ दे की. घाई काय आहे?"

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मोठ्यानं म्हटलं की खोटं वाटतं." मी जरा आवाज चढवला, की तो हे म्हणायचा. मी जन्मभर गिरणीत ओरडून बोललेला माणूस. म्हणजे मी जन्मभर खोटं बोललो काय? त्याचे वडील हुबळीत देशपांडे नगरात डॉक्टर. ते एकदा गाडी घेऊन आले, खालीच उभे राहिले आणि वर बोट करून मला विचारलं, "हा नेमकं करतो काय?" मी म्हटलं, "दळतो. पण पीठ अजून पडलेलं नाही." डॉक्टर हसले नाहीत. तो वर खिडकीत होता, तो हसला. पण दुसऱ्या दिवशी.

हिला त्याचं गाणं आवडायचं. दुपारी मोटर थांबली की ही चाळण घेऊन जिन्यावर बसायची, पीठ चाळत ऐकायची. बोळातल्या भजनी मंडळात ही पुढं बसून सांगणारी. ही एक ओळ म्हणणार, मग बाकीच्या बायका तीच ओळ घेणार, असं चढत चढत जाणार. एकदा तिनं त्याला विचारलं, "चांगलं आहे रे तुझं. पण आम्ही कुठं म्हणायचं?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "तुम्ही म्हणायचं नसतं अक्का. ऐकायचं असतं."

"मग देवाचं बरं," ही म्हणाली. "तिथं निदान हातात टाळ तरी देतात."

*

हा माणूस गिरणीवर राहायला का आला, ते मला फार दिवसांनी कळलं. ढोलवाल्यानं सांगितलं. स्वस्त म्हणून नव्हे, हवेशीर तर नाहीच नाही. त्याला माझ्या मोटरीचा घुमारा पाहिजे होता. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी एका सुरात घुमायची, आणि हा त्या सुरात तारा लावून बसायचा. त्याची सगळी गाणी माझ्या मोटरीवर उभी. तंबोरा असतो ना गवयाचा, तसा माझा दगड. धारवाडात गवयांना तोटा नाही, पण गिरणीच्या साथीवर गाणारा हा एकच असणार.

आता आमच्या बोळातली वीज कशी असते ते तुम्हाला काय सांगायचं. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले, की मोटरीचा आवाज खाली जातो. मग हाही वर तारा ढिल्या करून आवाजाबरोबर खाली उतरायचा. दगडाला छिन्नीनं नवी टाकी लावली की आवाज चढायचा, मग ह्याला नवीन गाणं सुचायचं. मिरच्या कांडायच्या दिवसांत मात्र तिघेही खोकत खाली यायचे. असं एकदा त्यांनी आमच्या मागच्या खोलीत बसून एक गाणं भरून घेतलं, आणि नेमक्या मिरच्या चालू असताना ही दारातनं गेली आणि शिंकली. ती शिंक त्यांनी गाण्यात तशीच ठेवली. ढोलवाला म्हणाला काढूया, हा म्हणाला नको. आता हिचा आवाज म्हणून माझ्याजवळ तेवढीच एक शिंक आहे. ढोलवाल्यानं ते गाणं मला मोबाईलवर घालून दिलंय. मी त्या शिंकेपर्यंत ऐकतो आणि बंद करतो.

तर ती मोटर. बोळातल्या गणपतीपुढं एका संध्याकाळी ह्यांनी गावं असं मंडळानं ठरवलं. घरचाच बँड, आणि फुकट. पण मांडवात मोटर कुठली? मग ह्यानं मोटरीचा आवाज भरून घेतला आणि मांडवातल्या मोठ्या कर्ण्यांवर सोडला. तिघं बसले, हा गणपतीकडं तोंड आणि लोकांकडं पाठ करून. घूं सुरू झालं. सगळ्यात आधी वायरमन पळाला, त्याला वाटलं जनरेटर जळला. मग लोक इकडं तिकडं बघायला लागले. त्यांना वाटलं गाणं सुरू व्हायचंय. ते अर्धं झालं होतं.

मी मांडवातनं उठून घरी आलो, तर आमच्या दारात एवढी मोठी रांग. बायका डबे घेऊन उभ्या. समोरच्या घरातली म्हातारी अव्वा जोंधळ्याचा डबा काखेत धरून मला फैलावर घ्यायला तयार. "गिरणी चालू आणि दार बंद? ही कसली तऱ्हा?"

"अव्वा, गिरणी बंद आहे. ते मांडवात गाणं चाललंय."

"मला काय बहिरी समजलास? पट्टा सैल आहे, तोसुद्धा ऐकू येतोय."

पट्टा खरंच सैल होता. शेवटी हिनं गिरणी उघडली आणि मला खटका दाबायला लावला. गणपतीपुढं एक मोटर आणि घरात एक मोटर, दोन्ही एका सुरात. वरच्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, की आजवरचा त्याचा हाच सगळ्यात चांगला कार्यक्रम. मांडवात तेव्हा गणपती सोडून कुणी उरलं नव्हतं.

*

गिरणी बंद करायची आमची एक रीत होती. हिनं घातलेली. संध्याकाळी दळण संपत आलं की ही पदराला हात पुसत उंबऱ्यावर जायची आणि बोळात दोन्हीकडं हाक मारायची. "कुणाचं राहिलंय?" आणि लगेच कन्नडात, "यार्दु उळदैती?" बोळात निम्मी घरं आमची मराठी, निम्मी कन्नड. मग आतनं कुणीतरी ओ द्यायचं, "आमचं आहे, थांबा." कुणी म्हणायचं, "नम्दु." आमचं म्हणजेच नम्दु. आणि एकदा कुणी ओ दिली, की खटका पाडायचा नाही. मग ते मूठभर तांदूळ का असेनात. माझे पाय दुखायचे, मी चिडायचो. म्हणायचो, उद्या येतील की. ही म्हणायची, "त्यांनी ओ दिलीय. आता बंद केलं तर तोंडावर दार लावल्यासारखं होतं."

तिची ती हाक मला लिहून दाखवता यायची नाही. सुरुवात अगदी साधी, आणि मग 'राहिलंय' लांबवत लांबवत शेवटी जरा वर उचलायची, भांडं चुलीवरनं उतरवताना उचलतात तसं. बोळाच्या टोकाला पोचायची. बोळातल्या कुणी इतकी वर्षं घड्याळ बघून दळण आणलं नाही. हाक आली की डबा उचलायचा.

मग ही गेली. ताप आला आणि उतरला नाही, एवढंच. 

तिचे दिवस झाल्यावर मी गिरणी सुरू केली. घरात बसून काय करणार, भिंती बघत? संध्याकाळी दळण संपलं, मी खटका पाडला, दार ओढलं. हाक मारली नाही. मला ते जमणारं नव्हतं आणि मारायचीही नव्हती. ते तिचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भांडणं. ह्यांच्या घरात भाकरी झाली नाही, त्यांच्याकडं पाहुणे उपाशी. समोरची अव्वा म्हणाली, "एक हाक मारायला तुझं काय जातंय?"

"जातंय," म्हटलं. अव्वा डबा ठेवून गेली.

असे काही दिवस गेले. वरचा खाली फारसा येत नव्हता. माडीवर आवाजही नव्हता. ढोलवाला येऊन जायचा, तोही जिन्यावरनं हळू उतरायचा. आणि एका संध्याकाळी मी खटक्यावर हात ठेवला, तर डोक्यावरनं हाक आली.

"कुणाचं राहिलंय?"

माझा हात तिथंच राहिला. त्या घडीला मनात काय आलं ते मी लिहीत नाही. मग कन्नडात आली, "यार्दु उळदैती?" तेव्हा कळलं, पुरुषाचा आवाज आहे. पण कुणाचा ते कळेना, कारण तो आवाज एवढ्या मोठ्यानं मी कधी ऐकलाच नव्हता. समोरनं अव्वा ओरडली, "नम्दु." मग पलीकडचा शिंपी, मग कोपऱ्यावरचं घर. नम्दु, आमचं, नम्दु. डब्यांची झाकणं वाजत बोळ धावत आला.

मी तरातरा माडीवर गेलो. हा खिडकीत उभा, तोंड बोळाकडं, दोन्ही हातांनी गज आवळून धरलेले.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

उत्तर लगेच यायचं नव्हतंच. आणि भांडत उभं राहायला वेळही नव्हता, कारण लोकांनी ओ दिली होती. मी खाली येऊन दळत बसलो. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, मधल्या पायरीवरनं. "कुणी नाही सांगितलं. वेळ झाली होती."

मग रोज संध्याकाळी तो हाक मारायला लागला. मी हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. गिरणी चालायची तर हाक पाहिजे. एकदा खाली येऊन पोत्यावर बसला आणि कुणी काही न विचारता म्हणाला, "अज्जा, त्यांनी ओ दिली."

"मग? देणारच. दळण असतंय त्यांचं."

"मला आजपर्यंत कुणी ओ दिली नव्हती."

*

त्यानंतर माडीवर जे सुरू झालं, त्यानं माझ्या छताचा गिलावा पडला. ढोलवाल्यानं झाडण्या फेकून काठ्या घेतल्या. इतक्या वर्षांचं सगळं त्यानं त्या ढोलावर काढलं. वरच्यानं दोन्ही पायांत बूट घातले. डब्या पलंगाखाली सारल्या. आधीचं गाणं म्हणजे पहाटेचं धुकं, हे म्हणजे मिरवणूक. आणि मधोमध काय, तर ती हाक. तो एकटा म्हणायचा, कुणाचं राहिलंय, यार्दु उळदैती, आणि बाकीचे दोघं गळा फाडून, "नम्दु." परत तो, परत ते. दर वेळी एक पायरी वर. मोठी गिटार वाजवणारा, ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, तोसुद्धा नम्दु म्हणायचा. चांगला दणदणीत होता की आवाज.

बोळाला गाणं आवडलं. बोळापर्यंत मी काही बोललो नाही. पण ते तिघं हुबळीच्या एका कॉलेजात म्हणून आले, आणि तिथं म्हणे पोरापोरींनी खुर्च्यांवर उभं राहून ओ दिली. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, आणि मग ते सगळीकडं गेलं. माझ्या गिरणीपुढं स्कूटी थांबायला लागल्या. येणार, बाहेरनं 'नम्दु' ओरडणार, हसणार आणि पळणार. एक पोरगी आत येऊन म्हणाली, "अज्जा, जरा उंबऱ्यावर उभं राहून ती हाक मारा ना, व्हिडिओ घेते." 

"दळण आणलंयस?"

"नाही."

"मग तुझं काही राहिलेलं नाही. जा."

ती हसत गेली. माझं डोकं फिरलं. मी माडीवर गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं, "ते गाणं आजपासून बंद. हाक माझ्या बायकोची आहे. पिठाची आहे. नाचायची नाही."

"बरं," तो म्हणाला.

जागच्या जागी म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्या माणसानं विचारल्या क्षणी उत्तर दिलं होतं. मी भांडायला गेलो होतो, भांडण तिथंच संपलं, आणि जिना उतरताना मला काही बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी ढोलवाला आला. आल्या आल्या माझं पोतं उचलून जागेवर ठेवलं, म्हणजे काम होतं.

"अप्पा, रायापूरच्या मैदानावर आमचा कार्यक्रम लागलाय. एवढा मोठा कधी लागला न्हवता. त्यांनी बोलावलंय ते ह्या एका गाण्यासाठी."

"दुसरं म्हणा."

"दुसरं म्हटलं की लोक चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला जातात. तुम्ही बघितलंय की. ह्यावेळी पण गेले तर संपलं. हा आमचा गिटारवाला बेंगळूरला नोकरीला चाललाय, त्यानं सांगून टाकलंय. मी वडलांच्या फरशीच्या दुकानात बसेन. आमचं काय, आम्ही जगू. पण तो परत भिंतीकडं तोंड करून बसेल अप्पा. आणि आता बसला तर परत फिरायचा न्हाई."

"त्यानं तुला पाठवलंय?"

"तो? तो म्हणतो, अज्जा नको म्हणाले, विषय संपला. त्यानं पाठवलं असतं तर मी पुढच्या महिन्यात आलो असतो."

हसू आलं, पण मी आवरलं. मी परत वर गेलो. म्हटलं बघूया काय म्हणतो. तो गादीवर बसून जुन्या डब्या पुसत होता. मी म्हटलं, "मोठ्यानं म्हटलं की खोटं वाटतं असं तूच म्हणायचास ना? मग आता हे काय?" आणि उत्तराची वाट न बघता खाली आलो.

उत्तर दोन दिवसांनी आलं, मी दगडाला टाकी लावत असताना. पायरीवर उभा राहून म्हणाला, "अक्का मोठ्यानंच म्हणायची. त्यात खोटं कुठं होतं?" मी हातोडी थांबवली. "पण ती हाक तुमची आहे. तुम्ही नको म्हटलं, मी म्हणणार नाही," म्हणाला आणि वर गेला.

*

मी रायापूरला गेलो, ते हा शब्द पाळतो की नाही ते बघायला. खोटं कशाला सांगू. बसमध्ये मनात भाषण तयार करत गेलो होतो, की हाक मारलीच तर काय काय सुनवायचं.

ढोलवाल्यानं स्टेजच्या कडेला, पायऱ्यांजवळ, माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली होती आणि तिच्यावर मिरची भज्यांचा पुडा. मैदान भरलेलं. हुबळीकडनं पोरं, धारवाडकडनं पोरं, मधल्या मध्ये मी एक म्हातारा. ही असती तर म्हणाली असती, टोपी तरी चांगली घालायची.

त्यांनी जुनी गाणी म्हटली. पहिलं गाणं निघून गेलं. दुसरं निघून गेलं. त्याबरोबर लोकही निघून जायला लागले, गिरमिटच्या गाड्याकडं. ढोलवाला परत झाडण्या घेऊन सारवत होता आणि माझ्याकडं न बघण्याची फार मेहनत घेत होता. वरचा उभा होता. एवढंच, की तोंड लोकांकडं होतं. मला त्याचे हात दिसत होते. खिडकीचे गज धरताना होते, तसेच आवळलेले.

मग मागनं कुणीतरी ओरडलं, "नम्दु."

थोडे हसले. मग दुसरीकडनं आलं, "नम्दु." मग चार ठिकाणांहून. मग गाड्यांकडं गेलेले परत फिरले, हातात कागदाचे द्रोण, तोंडात घास, आणि तेही म्हणायला लागले. नम्दु, नम्दु. सगळं मैदान. कुणी हाक मारलेली नव्हती आणि लोक ओ देत होते.

हा तोंड मिटून उभा. माईक समोर. तो लोकांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. डोळ्यांत विनंती नव्हती, तेवढं मी सांगतो. असती तर मला राग आला असता. नुसता बघत होता, मी खटक्यावर हात ठेवल्यावर ही बघायची तसा. आणि खटक्यावर हात माझाच होता.

मी माझ्याशी भांडून बघितलं. म्हटलं, ह्यांचं कसलं आलंय दळण? ह्यातल्या निम्म्यांनी गिरणी आतनं बघितली नसेल. पण आमच्या दारात डबा उघडून कुणी बघत नव्हतं, आत काय आहे आणि किती आहे. कुणी ओ दिली की संपलं. एवढ्या लोकांच्या तोंडावर दार लावून मी बसनं घरी गेलो असतो, तर घरी कुणाला काय सांगणार होतो?

मी हात वर केला आणि मनगट फिरवलं. चालू कर.

आता त्याला कळायला वेळ लागायचा, तो लागलाच. उभाच राहिला. लोकांना वाटलं मुद्दाम ताणतोय, ते आणखी पेटले. ढोलवाल्याला मात्र लगेच कळलं, त्यानं झाडण्या अशा भिरकावल्या की एक माझ्या खुर्चीखाली येऊन पडली. मी परत मनगट फिरवलं. म्हटलं, अरे मुडद्या, उद्या नको, आत्ता.

तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"कुणाचं राहिलंय?"

हिच्यासारखी नव्हती. 'राहिलंय' त्यानं मध्येच तोडलं, आणि शेवटाला उचलायचं ते उचललं नाहीच. हे मी नंतर त्याला सांगितलं, आणि आता तो रोज माझ्यापुढं उभा राहून घोकतो, अजून जमलेलं नाही. पण पोचली. मैदानाच्या टोकाला पोचली. लोकांनी ओ दिली तेव्हा माझी खुर्ची हलली. 

"यार्दु उळदैती?" परत नम्दु.

तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली तेव्हा मी उभा होतो. कधी उठलो ते माहीत नाही. एक सांगतो. इतकी वर्षं ती उंबऱ्यावर उभी राहून हाक मारायची आणि मी आत, दगडाशी. बोळातल्या प्रत्येक घरानं तिला कधी ना कधी ओ दिली असेल. मी कधी दिली नाही. गरजच नव्हती, मालकाचं दळण कधी राहत नसतं.

"माझं," मी ओरडलो. "माझं राहिलंय." मराठीत, आणि लोकांच्या मागनं, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्यानं.

शेजारचं पोरगं गिरमिट खाता खाता थांबलं. माझ्याकडं बघितलं आणि कन्नडात विचारलं, "अज्जा, तुमचं काय राहिलंय?"

"जोंधळे," म्हटलं.